क्लायंटचं काम हातात घेताना: नव्या कन्टेन्ट रायटरसाठी

"मॅडम, वेबसाइटसाठी मराठी कन्टेन्ट पाहिजे. रेट काय?"

पहिली चौकशी बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि एवढीच असते. नवखा रायटर लगेच आकडा टाकून मोकळा होतो. समोरून उत्तर आलं नाही तर वाईट वाटतं, पण खरी पंचाईत "ओके" आलं की होते. काम काय, किती, कोणासाठी हे कळायच्या आतच त्याची किंमत ठरून बसलेली असते.

लिहायचं कसं यावर या लेखात काही नाही. ते तुम्हाला येतं असं धरून चालते. लिहिण्याच्या आधी आणि नंतर क्लायंटबरोबर जे चालतं, त्याबद्दल सांगायचं आहे. उदाहरणं आपल्याकडच्या बाजारातली आहेत: बिल्डर, क्लासवाले, दवाखाने, सहकारी बँका, मसाले-लोणच्यांचे घरगुती ब्रँड आणि 'मराठी व्हर्जन' मागणाऱ्या दिल्ली-बंगळुरूच्या एजन्सी. या सगळ्यांशी होणारी भांडणं वरवर वेगळी दिसतात. खोलात गेलं की बहुतेकांचं मूळ एकच निघतं: कामाआधी जे लिहून घ्यायला हवं होतं ते तोंडी राहिलेलं असतं.

पहिली पायरी: दर सांगायच्या आधी

"रेट कामावर अवलंबून आहे, १० मिनिटं फोनवर बोलू या का?" एवढं उत्तर पुरतं. जो १० मिनिटं द्यायला तयार नाही, तो पुढे दुरुस्त्याही वेळेवर सांगणार नाही.

फोनवर विचारायचं ते असं. मजकूर कोण वाचणार? तो कुठे दिसणार: वेबसाइट, ब्रोशर, इन्स्टाग्राम, की चौकातलं होर्डिंग? मूळ मजकूर इंग्रजीत आहे की शून्यातून लिहायचं आहे? माहिती कोण देणार? केव्हा हवं आहे? आणि दोन प्रश्न, जे विचारायला नवखे लाजतात: फायनल कोण करणार आणि पैसे कोण देणार?

'फायनल कोण करणार' यावर थोडं थांबते. घरच्या धंद्यात तुमच्याशी बोलतो मुलगा. तो एमबीए करून आलेला, त्याला सगळं 'यंग' हवं असतं. मंजुरी देतात वडील, आणि त्यांना पहिल्याच ओळीत 'सन १९७८ पासून ग्राहकांच्या सेवेत' पाहिजे असतं. कंपनीत बोलते मार्केटिंगमधली मुलगी, पण दर वेळी वाक्य येतं, "साहेबांना दाखवून सांगते." साहेब मजकूर पहिल्यांदा पाहतात तेव्हा तुमच्या दुरुस्त्या संपलेल्या असतात. म्हणून सुरुवातीलाच म्हणायचं, "साहेबांची १५ मिनिटं मिळवून द्या, तेवढ्यात माझं काम होईल." त्या १५ मिनिटांत साहेब जे शब्द वापरतात ते वहीत तसेच्या तसे उतरवून घ्या. पुढे मजकुरात त्यातले दोन-चार दिसले की मंजुरी पटकन येते. यात लबाडी काही नाही. त्यांच्या धंद्याची भाषा त्यांनाच जास्त माहीत असते.

एजन्सीचं काम असेल तर व्यवहार एजन्सीशी आहे, तिच्या क्लायंटशी नाही, हे डोक्यात पक्कं हवं. "क्लायंटने पेमेंट केलं की तुमचं करतो" हे वाक्य कामाआधी ऐकू आलं तर तिथेच सांगा: "तुमचं त्यांचं काय ठरलंय ते ठीक, माझी तारीख वेगळी लिहू या."

दुसरी पायरी: मराठीचं ब्रीफ

ब्रीफ म्हणजे क्लायंटला काय आणि कसं हवं याची लेखी नोंद. इंग्रजीतली तयार ब्रीफ-फॉर्मची पानं भरपूर मिळतात. आपल्याला ज्यावरून त्रास होतो ते त्यात नसतं, म्हणून आपला एक पानी कागद करून ठेवावा.

त्यात सगळ्यात वर: वाचकाला 'तुम्ही' म्हणायचं की 'आपण'? सहकारी बँकेला 'आपण' लागतं, स्किन-केअरच्या ब्रँडला ते म्हातारं वाटतं. विद्यार्थ्यांसाठीच्या ॲपला कधी 'तू' हवं असतं, पण तेच पान पालकही वाचणार असतील तर 'तुम्ही'च बरं. मग 'केलं, झालं' की 'केले, झाले'? हे आधी ठरलं नाही तर वेबसाइटच्या पाच पानांवर दोन्ही दिसतात आणि कुणीतरी म्हणतं, "भाषा एकसारखी वाटत नाही." मग आकडे मराठी की इंग्रजी? 'गृहकर्ज' की 'होम लोन'? कंपनीचं आणि उत्पादनाचं नाव देवनागरीत नेमकं कसं लिहायचं, ऱ्हस्व-दीर्घासकट? शेवटचं उत्तर मेलवरच घ्या, कारण ते पॅकिंगवर छापलं जाणार असतं.

आता फॉन्ट. वेबसाइटला युनिकोड लागतो, तिथे प्रश्न नाही. पण छपाईवाल्यांकडे अजूनही जुन्या फॉन्टवर काम चालतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी कित्येक छापखान्यांच्या हाताला बसलेली आहे, आणि पेजमेकरसारख्या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर टाकला की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षरं तुटतात, रफार सरकतो. तुम्ही दिलेला मजकूर बरोबर असतो, छापून आलेला चुकीचा, आणि फोन मात्र तुम्हालाच येतो. म्हणून आधीच विचारा: डिझाइन कशात होणार, युनिकोड चालेल का, आणि डिझाइन झाल्यावरचं प्रूफ कोण तपासणार? ते तुम्ही तपासणार असाल तर तो वेळ दरात धरा. तपासणार नसाल तर तेही मेलमध्ये लिहा. मी म्हणेन, तपासाच. चौकातल्या फ्लेक्सवर तुटलेलं जोडाक्षर महिनाभर लटकत राहतं.

तिसरी पायरी: दर

शब्दामागे दर ही पद्धत इंग्रजीतून आली आणि मराठीत ती आपल्यालाच महाग पडते. आपल्या शब्दाला विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय चिकटून येतात. 'इन फ्रंट ऑफ द हाउस' हे पाच शब्द. आपल्याकडे 'घरासमोर', एक. त्यामुळे अनुवादात इंग्रजी मजकुरापेक्षा मराठी शब्दसंख्या कमी भरते आणि काम तेवढंच राहतं. अनुवादाचं काम असेल तर "मोजणी मूळ इंग्रजी मजकुराची" हे चार शब्द दरापुढे लिहायला विसरू नका. एजन्सी बहुधा मान्य करतात. फक्त आपण विचारलं नाही तर आपणहून सांगत नाहीत.

मराठीतूनच लिहायचं असेल तर शब्द मोजूच नका. होर्डिंगवरच्या सहा शब्दांना शब्दामागे काय लावणार? अख्ख्या कामाचा दर सांगा. तो काढायचा कसा, त्याचं एक उदाहरण देते. महिन्याला ४५,००० रुपये हातात यायला हवेत असं समजा. महिन्याचे २५ दिवस धरले तरी दिवसाला ज्याचे पैसे मिळतात असं काम चारेक तासच होतं. उरलेला वेळ फोन, मेल, बिलं आणि नवी कामं शोधण्यात जातो. म्हणजे १०० तास, तासाला ४५० रुपये. आता पाच पानांची वेबसाइट: माहिती गोळा करणं आणि बोलणी ८ तास, लिहिणं १४, दोन वेळच्या दुरुस्त्या ६. एकूण २८ तासांचे १२,६०० रुपये. रिकाम्या महिन्यांसाठी आणि उशिरा येणाऱ्या पैशांसाठी थोडे वर धरून १५,००० सांगा. तुमचा आकडा वेगळा निघेल. पण तो कसा निघाला हे तुम्हाला माहीत असेल, आणि समोरचा "जास्त होतंय हो" म्हणाला की दर खाली आणण्याऐवजी "मग पाचऐवजी तीन पानं करू या" असं म्हणता येईल.

फुकट सॅम्पलची मागणी येणारच. आधी केलेलं काम दाखवा. नसेल तर स्वतःहून दोन नमुने लिहून ठेवा, एक गंभीर आणि एक हलकाफुलका. क्लायंटला त्याच्याच विषयावरचा नमुना हवा असेल तर छोट्या तुकड्याचे थोडे पैसे घ्या आणि काम मिळालं तर ते बिलातून वळते करा. पाच जणांकडून पाच 'सॅम्पल' घेऊन वेबसाइटची पाच पानं भरणारेही या बाजारात आहेत.

चौथी पायरी: ठरलं ते लिहून

वकिली भाषेतला करार करायची गरज नाही. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासात एक मेल जायला हवा. मेलवरून झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ तेच सांगतं. मेल साधारण असा:

"नमस्कार. आज फोनवर ठरल्याप्रमाणे:

काम: तळेगावच्या प्रकल्पाच्या वेबसाइटची ५ पानं, मराठीतून, मिळून साधारण २,००० शब्द.

तारखा: पहिलं पान ८ तारखेला. उरलेली चार पानं पहिल्या पानाला मंजुरी मिळाल्यापासून ७ दिवसांत.

दुरुस्त्या: दोन वेळा, दरात धरलेल्या. त्यापुढे प्रत्येक वेळी १,५०० रुपये. सगळ्यांच्या सूचना एकत्र करून पाठवाव्यात.

मंजुरी: आपण स्वतः. मजकूर मिळाल्यापासून १० दिवसांत काही कळवलं नाही तर मंजूर धरून बिल पाठवेन.

मानधन: १५,००० रुपये. निम्मे काम सुरू करण्याआधी, निम्मे मंजुरीनंतर १५ दिवसांत.

काम मध्येच थांबवल्यास तोवर झालेल्या पानांचे पैसे द्यावे लागतील. मजकुराचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावर आपल्याकडे येतील.

हे मान्य असल्याचं या मेलला उत्तर देऊन कळवावं, म्हणजे काम सुरू करते."

"मान्य" असं उत्तर आणि ॲडव्हान्स, दोन्ही आल्याशिवाय फाइल उघडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा उत्तर म्हणून घेऊ नका.

हक्कांचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे नवखे दोन्ही टोकांना जातात. काहींना वाटतं पैसे घेतले म्हणजे सगळं क्लायंटचं. काहींना वाटतं मी लिहिलं म्हणजे कायम माझंच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुराचा मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, नोकरी देणारी कंपनी. बाहेरून काम करणारा लेखक मात्र पहिला मालक असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मोठ्या कंपन्यांच्या करारात 'जगभर' आणि 'कायमस्वरूपी' हे शब्द एवढ्या आवर्जून येतात ते यासाठी. वेबसाइटच्या मजकुरासाठी त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही. पैसे मिळाले की एका पानाचं पत्र सही करून द्यावं. अडायचं ते दुसऱ्या दोन ठिकाणी. एक, तुमचं नाव येणार नसलं तरी नमुना म्हणून हे काम दाखवायची परवानगी. दोन, 'मजकुरामुळे होणाऱ्या सर्व नुकसानीची भरपाई लेखक करेल' हे कलम. त्यापुढे 'मिळालेल्या मानधनापुरतीच' असं घालून मागा. माहिती क्लायंटने दिलेली असते. ती खोटी निघाली तर तुमचं घर गहाण पडायचं कारण नाही.

पाचवी पायरी: मजकूर पाठवणं आणि ऐकून घेणं

सगळी पानं एकदम पाठवू नका. पहिलं पान पाठवा, सूर जमला का ते बघा, मग पुढे जा.

आता उत्तरं येतील. "छान आहे पण मजा नाही आली." "थोडं कॅची करा ना." "जरा पंच पाहिजे." राग येतो, येऊ द्या, पण या सूचना निरुपयोगी नसतात, अर्धवट असतात. त्या पूर्ण करून घेणं तुमचं काम. एक नेहमीचा संवाद बघा:

"वहिनी म्हणतात की भाषा जड वाटते."

"बरं. वहिनींना कुठल्या ओळीला अडखळायला झालं?"

"तसं नाही, ओव्हरऑल."

"मी दुसरा परिच्छेद वाचून दाखवते, त्यात कुठे थांबावंसं वाटतं ते सांगा."

"...हां, ते 'सुसज्ज' आणि 'अद्ययावत' नको. आणि 'निसर्गरम्य' तर सगळेच लिहितात."

तीन शब्दांचा प्रश्न होता. 'ओव्हरऑल' ऐकून पूर्ण पान पुन्हा लिहिलं असतं तर नव्या पानावर नवीन 'ओव्हरऑल' आलं असतं. (वहिनींचं म्हणणं बरोबरच होतं, हेही मान्य करायला हवं.)

व्हॉइस नोट आली तर ऐकून त्यातले मुद्दे लिहून परत पाठवा: "तुमच्या निरोपातून मला हे सहा बदल कळले, बरोबर ना?" कंटाळवाणं काम आहे. पण "मी असं म्हटलंच नव्हतं" हे वाक्य त्यामुळे कमी ऐकू येतं.

दुरुस्ती आणि बदल यांत फरक करायला शिका. ठरलेल्या ब्रीफमध्ये बसत नाही ते सुधारणं म्हणजे दुरुस्ती, ती दरात धरलेली. ब्रीफच बदललं तर ते नवं काम. पान कुटुंबांसाठी लिहिलं आणि मंजुरीच्या दिवशी बिल्डर म्हणाला, "आता आपण इन्व्हेस्टर टार्गेट करतोय," तर तुमचं उत्तर शांतपणे असं: "नक्की करू. हे वेगळं पान होईल, त्याचे इतके. आधीच्या पानाचं बिल आज पाठवते." आवाज चढवायची गरज पडत नाही, कारण कोण वाचणार हे पहिल्या मेलमध्ये किंवा ब्रीफच्या कागदावर लिहिलेलं असतं.

शुद्धलेखनावरून क्लायंट तुम्हालाच दुरुस्त करायला येईल. 'हार्दिक'चं 'हार्दीक' करून पाठवेल, कारण गावभरच्या फ्लेक्सवर तसंच आहे. तत्सम शब्द मुळाप्रमाणे ऱ्हस्व-दीर्घ लिहायचे, हा मराठी साहित्य महामंडळाचा १९६२पासूनचा नियम एका ओळीत कळवा आणि बरोबर रूप पुन्हा पाठवा. एकदाच. तरी त्यांना त्यांचंच हवं असेल तर मेलवर तसं घ्या आणि सोडून द्या. ब्रँड त्यांचा आहे.

एआयचा प्रश्नही आता पहिल्या आठवड्यातच येतो: "हे चॅटजीपीटीवर केलंत का?" किंवा उलट, "आम्ही चॅटजीपीटीवर करून घेतलंय, तुम्ही फक्त बघून द्या, अर्ध्या दरात." तुम्ही काय वापरता, काय नाही, हे आधी सांगून टाका. आणि 'फक्त बघून देण्या'ला होकार देण्याआधी एक पान तपासून वेळ मोजा. हिंदी वळणाची, इंग्रजीतून उतरलेली मराठी सरळ करायला पुष्कळदा नव्याने लिहिण्याएवढाच वेळ लागतो. मग अर्धा दर कशाचा?

जिथे पाऊल मागे घ्यायचं

काही वाक्यं क्लायंटने कितीही आग्रह केला तरी लिहायची नाहीत. दवाखान्याचं काम आलं आणि 'मधुमेह मुळापासून बरा' असं हवं असेल तर १९५४चा औषधी द्रव्यं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा कायदा आठवा. त्याच्या परिशिष्टातल्या आजारांमध्ये मधुमेह आहे, कर्करोग आहे, लठ्ठपणाही आहे. हे आजार बरे करण्याचा दावा औषधाच्या जाहिरातीत करताच येत नाही. क्लासवाल्यांसाठी नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली: निवडीची हमी देता येत नाही, आणि यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो वापरायचा तर त्याची निवड झाल्यानंतरची लेखी संमती लागते. बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी क्रमांक लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही. नोंदणी क्रमांक मागितल्यावर "तो येतोय, तोवर लिहायला घ्या" असं उत्तर आलं तर मजकूर लिहून ठेवा, पण जाहिरात क्रमांकाशिवाय जाऊ नये हे मेलवर कळवा. 'स्टेशनपासून ५ मिनिटांवर' हे वाक्य तर नकाशात अंतर बघितल्याशिवाय कधीच लिहू नका. बिल्डरची पाच मिनिटं रात्री दोन वाजता मोकळ्या रस्त्यावर मोजलेली असतात.

एक सोपी सवय लावून घ्या. मजकुराच्या फाइलसोबत दुसरी एक फाइल ठेवा, तिच्यात प्रत्येक दाव्यापुढे तो कुणी सांगितला आणि केव्हा, हे लिहा. 'महाराष्ट्रातील पहिले', 'सर्वाधिक विकले जाणारे' अशा शब्दांपुढे रकाना रिकामा राहिला तर ती फाइल क्लायंटला पाठवा. पुष्कळदा तो स्वतःच म्हणतो, "ते काढून टाका."

सहावी पायरी: बिल आणि वसुली

बिलावर काय हवं: क्रमांक, तारीख, तुमचं आणि क्लायंटचं नाव-पत्ता, कामाचं वर्णन, रक्कम, पॅन, बँकेचा तपशील, पैसे देण्याची शेवटची तारीख आणि असेल तर उद्यम नोंदणी क्रमांक (त्याबद्दल पुढे सांगते). मंजुरी आली त्याच दिवशी पाठवा. महिनाअखेर सगळी एकदम पाठवू म्हणणाऱ्यांची बिलं अकाउंट्सवाल्यांच्या पुढच्या महिन्यात जातात.

पहिल्यांदा पैसे कमी आले की घाबरू नका, बहुधा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर, कापलेला असतो. लिखाणाच्या कामाचा मोबदला व्यावसायिक शुल्कात धरला तर कापणी १० टक्के, आणि १ एप्रिल २०२५पासून एका क्लायंटकडून वर्षाला ५०,००० रुपयांवर गेल्यावरच. वर्षात ६०,००० ठरले असतील तर हातात ५४,००० येतील आणि ६,००० तुमच्या पॅनवर सरकारजमा होतील. ते बुडाले नाहीत; आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतात आणि विवरणपत्र भरताना करातून वजा होतात, जास्त असतील तर परत मिळतात. पॅन दिला नाही तर मात्र कापणी २० टक्क्यांनी होते. १ एप्रिल २०२६पासून १९६१च्या कायद्याची जागा २०२५चा आयकर कायदा घेतो, त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. जुन्या लेखांत वाचलेला '१९४जे' हा जुन्या कायद्यातल्या या टीडीएसच्या कलमाचा आकडा अकाउंट्सवाल्यांच्या तोंडी अजून बरीच वर्षं राहील.

"जीएसटी नंबर नाही? मग बिल पास होणार नाही." हेही ऐकाल. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेल्यावरच नोंदणी लागते, आणि क्लायंट बंगळुरूचा असला तरी हीच मर्यादा. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही. हे नम्रपणे लिहून कळवलं की बिल पास होतं.

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट: उद्यम नोंदणी. सरकारच्या उद्यम पोर्टलवर ती आधार आणि पॅनवर होते, पूर्णपणे मोफत. ५०० रुपये मागणाऱ्या साइट दलालांच्या आहेत. नोंदणी झाली की तुम्ही कायद्याने सूक्ष्म उद्योग ठरता आणि २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्याखाली तुमचे पैसे लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत, ठरली असेल तर त्या तारखेला आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय आयकरातल्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम क्लायंटला त्या वर्षाच्या खर्चात दाखवता येत नाही. ती वजावट तो पैसे देईल त्या वर्षी मिळते. या तरतुदीमुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करून विचारतात, "तुमचा उद्यम नंबर आहे का?" त्यांना तो आधीच देऊन ठेवा. नोंदणीही काम घेण्याआधीची असू द्या, थकबाकी झाल्यावरची नको.

तगाद्याला एक क्रम असावा. तारखेच्या दोन दिवस आधी आठवण, तारीख उलटली की मेल, आठवड्याने फोन. फोन मार्केटिंगच्या मुलीला करू नका, तिच्या हातात काही नसतं. पहिल्याच दिवशी अकाउंट्सचा नंबर मागून घ्या. "बिल क्रमांक १४ हे १५ तारखेला देय होतं. प्रोसेस झालं का, की माझ्याकडून काही कागद राहिलाय?" अशी विचारणा केली की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. "कधी होईल?" याला "बघतो" हे उत्तर तयार असतं. तरीही नाही मिळाले तर नवं काम थांबवा: "मागचं बिल निघालं की पुढचा लेख पाठवते." त्यापुढचा उपाय म्हणजे एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, तक्रार. छोट्या रकमेसाठी तिथवर जावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण मेलमध्ये कायद्याचं नाव आणि व्याजाची ओळ घातली की एरवी 'साहेब बाहेर आहेत' म्हणणाऱ्या ऑफिसातून पैसे निघतात, हा अनुभव मला एकटीलाच नाही.

सातवी पायरी: पुढचं काम

काम चांगलं झालं की क्लायंट महिन्याचं ठरवू म्हणतो. ठरवा, पण महिन्याला किती लेख, किती पोस्ट, आणि न वापरलेला लेख पुढच्या महिन्यात जातो का, हे लिहा. माझं मत: जाऊ देऊ नका. नाहीतर ऑक्टोबरमध्ये तीन महिन्यांचे लेख एकदम मागितले जातात, आणि ऑक्टोबर म्हणजे दिवाळीच्या जाहिरातींची धांदल.

सणांची यादी तुम्हीच काढा. पाडवा, अक्षय्य तृतीया, गणपती, दसरा, दिवाळी या तारखा वर्षभर आधी माहीत असतात. तरी "उद्या पाडवा आहे, चार ओळी द्या ना" असा फोन आदल्या रात्री येतोच. सण तीन आठवड्यांवर आला की तुम्ही विचारा. आदल्या रात्रीच्या कामाचा दर दीडपट ठेवा आणि तो आधीच कळवा. दोन वर्षांत ते फोन कमी होतात, किंवा दीडपट मिळतात. दोन्हीत नुकसान नाही.

आणि एखादा क्लायंट सोडावासा वाटला तर भांडून सोडू नका. घेतलेल्या ॲडव्हान्सचं काम पूर्ण करा, सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये घालून लिंक द्या, शेवटचं बिल जोडा आणि लिहा: "पुढच्या महिन्यापासून मला वेळ देता येणार नाही. हवं असल्यास दुसऱ्या रायटरचं नाव सुचवते." नाव सुचवताना त्या रायटरला मात्र फोन करून सांगा की फायनल कोण करतं आणि पैसे किती दिवसांनी येतात.